वऱ्हाडाचा माळ

मुळा नदीच्या दरीतून टाकेवाडीकडं चढून आलं की आधी उघडा खडक लागतो, मग कुसळी गवत, आणि मग ध्यानीमनी नसताना ते दगड समोर येतात. सात आहेत. सगळ्यात उंच दोन पुरुष भरेल, सगळ्यात बुटका छातीएवढा. त्यांच्या मागं दगडांचे पाच मोठे ढीग, आणि प्रत्येक ढिगाभोवती धोंड्यांचं गोल कडं. गावात सांगत की लग्नाचं वऱ्हाड इथून चाललं होतं, त्यांच्या हातून काही चुकलं आणि ते उभ्याउभ्या दगड झालं. काय चुकलं, ते घरोघरी वेगळं असे. एका गोष्टीवर मात्र सगळ्यांचं एकमत होतं. माळावरून जाताना वाटेतला एक दगड उचलायचा, ढिगावर टाकायचा आणि मागं न बघता पुढं जायचं.

कानिफनाथही टाकायचा, पण भीतीनं नव्हे, सवयीनं. तो पन्नाशीचा शेतकरी, हलक्या रानाचा धनी. त्याच्या हातात एक कला होती, ती म्हणजे ताल रचण्याची. उतरत्या रानातली माती वाहून जाऊ नये म्हणून कोरड्या दगडांची जी भिंत घालतात ती ताल. तिला चुना नाही, माती नाही, नुसता दगडावर दगड. कानिफनाथाची ताल तीन तीन पावसाळे जागची हलत नसे. लांबलांबच्या गावांतून त्याला बोलावणं यायचं. तरणा असताना तो बेलापूरकडं कालव्याच्या कामावरही जाऊन आला होता. दुसऱ्याची ताल बघितली की तो कंबरेवर हात ठेवून म्हणायचा, "रचली न्हाई, वतलीय." आणि त्याचं खोटं पडत नसे.

त्याच्या बापानं, सहादेवानं, त्याला एक गोष्ट शिकवली होती. लांब दगड भिंतीच्या पोटात आडवा सारताना दर्शनी बाजूपासून वीतभर आत, त्याच्याखाली तळहाताएवढी पातळ कपची ठेवायची. मग वरून कितीही भार आला तरी दगड पुढं सरकत नाही, मागं रेलतो आणि सगळ्या भिंतीला आत ओढून धरतो. ही कपची बाहेरून दिसत नाही. ही आपल्या घरची विद्या आहे, परक्याला दाखवू नको, असं म्हाताऱ्यानं मरताना बजावलं होतं. कानिफनाथानं ते पाळलं. आडवा दगड बसवायची वेळ आली की तो हाताखालच्या माणसांना पाणी आणायला पाठवी.

चव्वेचाळीस सालच्या हिवाळ्यात सरकारनं त्या पठारावर ताली घालायचं काम काढलं. लढाई चालूच होती, रॉकेल मिळत नव्हतं, आणि दोन वर्षं बाजरीनं दगा दिला होता, त्यामुळं माणसं कामाला लगेच तयार झाली. कामावर देखरेखीला शामकांत नावाचा ओव्हरसियर आला. नगरचा, भिक्षुकी करणाऱ्या घरातला. घरात शेतकीचं शिकलेला तो पहिलाच. वय सव्वीस, खाकी अर्धी चड्डी, डोक्याला टोपी, आणि हातात कायम एक वही. गावकरी त्याला ओवरशेर म्हणत. पाटलांनी, म्हणजे म्हाताऱ्या श्रीमंत पाटलांनी, रचणारा म्हणून कानिफनाथाचं नाव सांगितलं, आणि चुन्याच्या रेघा पडल्या तसं काम सुरू झालं.

महिनाभर ठीक चाललं. मग दगड संपले. रानातले वेचून झाले, जुन्या पडक्या गोठ्यांचे आणून झाले. ओढ्यात भरपूर होते, पण ओढा खाली अर्ध्या कोसावर, आणि चढ असा की बैलही जीभ काढतील. एक दिवस शामकांत वऱ्हाडाच्या माळावर उभा राहून त्या पाच ढिगांकडं बघत राहिला. चुन्याची रेघ ढिगांच्या जवळूनच गेली होती. त्यानं पाटलांना विचारलं की हे दगड घ्यायला काय हरकत आहे. पाटलांचा चेहरा उतरला. असल्या गोष्टी आजवर कुणी केल्या नाहीत, एवढंच ते बोलले, आणि सरकारी माणसासमोर त्याहून पुढं त्यांना बोलवेना.

मजुरांतलं कुणी पुढं होईना. तेव्हा कानिफनाथ म्हणाला की मी काढतो. आपल्याला कशाची भीती नाही हे त्याला दाखवायचं होतं, असंही म्हणता येईल. पण खरं कारण निराळं होतं. त्या ढिगांत उत्तम दगड आहे, हे तो लहानपणापासून बघत आला होता.

पहिले दोन दिवस त्यानं मधल्या ढिगावरचा वरचा थर काढला. ते येणाऱ्याजाणाऱ्यांनी टाकलेले दगड होते, मुठीएवढे, डोक्याएवढे, कसेही पडलेले. काही झालं नाही. कुणाला ताप आला नाही, कुणाचं जनावर दगावलं नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी आणखी चारजण हात लावायला आले.

तिसऱ्या दिवशी सकाळी कानिफनाथाची पहार एका दगडाला लागली आणि दगड हलला नाही. त्यानं दुसऱ्या बाजूनं पहार घातली, तरी नाही. त्यानं वरची माती हातानं झाडली. खाली ढीग नव्हता. खाली भिंत होती. गोल, आत रेललेली, प्रत्येक दगडाचं तोंड बाहेर, सांधा असा की त्यात गवताची काडी जाईना. हाताच्या अंतरावर एकेक लांब दगड आडवा पोटात गेलेला.

त्यानं माणसांना मागं सरायला सांगितलं. सांध्यांत ठोकलेल्या बारीक कपच्या एकेक करून उपसल्या, वरचे दोन दगड उचलून बाजूला ठेवले, आणि लांब दगड दोन्ही हातांनी धरून हळूहळू, जसा आला होता तसाच, बाहेर ओढला. मग त्यानं त्या पोकळीत हात घातला. वीतभर आत, तळहाताएवढी, पातळ. बोटांना लागली.

कानिफनाथ खाली बसला. त्यानं कपची बाहेर काढली नाही. नुसता हात तिच्यावर ठेवून बसला. माणसांना वाटलं आत विंचू निघाला. कुणी विचारलं तरी त्याला हात काढवेना. कपची थंड होती. ज्या दिवशी ती कुणी तिथं ठेवली, त्या दिवसापासून तिच्यावर ऊन पडलं नव्हतं.

शामकांत आला तेव्हा काम बंद होतं आणि त्याला रागच आला. पावसाळ्याआधी सगळ्या ताली पुऱ्या करायच्या होत्या, वरचे साहेब दर आठवड्याला हिशेब मागत होते. का थांबलात, म्हणून त्यानं विचारलं. कानिफनाथानं त्याला शेजारी बसवलं, त्याचा हात धरला आणि पोकळीत घातला.

"काय लागतंय?"

"दगडाची चीप आहे एक."

"ती माझ्या बापाची हाय," कानिफनाथ म्हणाला. मग जरा थांबून म्हणाला, "न्हाई. माझ्या बापाला जेनं शिकवली त्याची हाय. न्हाईतर त्येच्याबी आधीची."

आणि बापाला मरताना दिलेला शब्द मोडून त्यानं त्या परक्या तरुण माणसाला कपचीचं सगळं सांगितलं. शामकांत ऐकत गेला तसा त्याचा राग उतरला. त्यानं टोपी काढून बाजूला ठेवली. त्यानं कॉलेजात असताना एका पुस्तकात असल्या दगडी कड्यांची चित्रं पाहिली होती, खाली दक्षिणेतली आणि नागपूरकडची. आपल्या जिल्ह्यात असं काही असेल हे त्याच्या स्वप्नातही नव्हतं. आत बघायचं का, असं त्यानं विचारलं. हुकूम म्हणून नव्हे, परवानगी मागितल्यासारखं.

त्या दिवशी संध्याकाळपर्यंत आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत त्यांनी भिंतीची एक बाजू सोडवली. कानिफनाथानं ज्या क्रमानं दगड काढले त्याच क्रमानं माळावर ओळीनं मांडून ठेवले, एकही इकडचा तिकडं होऊ दिला नाही. आत चार मोठ्या शिळा उभ्या होत्या, वर एक आडवी. दगडाची पेटीच. मावळतीकडची शिळा थोडी कलली होती. चौघांनी पहारी लावून ती हातभर सरकवली, आणि कलत्या उन्हाची एक पट्टी आत गेली.

आधी नुसती धूळ दिसली. मग धूळ खाली बसली.

दोन माणसांची हाडं होती. विस्कटलेली नव्हती, नीट गोळा करून शेजारी शेजारी ठेवलेली, जशी पावण्याची अंथरुणं घडी घालून ठेवावीत. भोवतीनं मडकी, वरच्या अंगानं काळी आणि खालच्या अंगानं तांबडी, आणि अजून अशी तुळतुळीत की त्यांच्यात ऊन दिसलं. एक लोखंडी कुऱ्हाड, गंजून फुगलेली, तिला लोखंडाच्याच दोन पट्ट्या आवळलेल्या. शंखाचं एक काकण. बस्स एवढंच. पण त्या चार माणसांपैकी एकानं पायातली वहाण काढली, ते बघून बाकीच्यांनी काढल्या. शामकांतनंही बूट काढले.

पाटलांना कळलं तसे ते काठी टेकत वर आले. वाटेत त्यांनी ठरवलं होतं की ओव्हरसियरला स्पष्ट सांगायचं, झालं ते झालं, आता हे बंद करा आणि शांती करा. ते येऊन शिळेपाशी वाकले. म्हाताऱ्याची नजर लांबचं बघायला चांगली होती. ते बराच वेळ एका फुटक्या मडक्याकडं बघत राहिले. मडक्याच्या तळाला काळे पडलेले दाणे होते.

"हुलगं हायती," पाटील म्हणाले.

पाटील आपले परत म्हणाले, "हुलगंच हायती. आपलं हुलगं. माझ्या सुनेनं कालच माडगं केलं हुतं." आणि डोळ्याला धोतराचा सोगा लावला. का, ते त्यांना विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. लहानपणापासून ज्या वऱ्हाडाला ते भीत आले, ते वऱ्हाड हुलग्याचं माडगं पीत होतं.

ही माणसं किती जुनी असतील, असं कानिफनाथानं शामकांतला विचारलं. शामकांत म्हणाला की आपल्याला नक्की सांगता येत नाही, पण दोन अडीच हजार वर्षं तरी झाली असावीत. कानिफनाथाला हजार कळत नव्हते. त्याला माणसं कळत होती. तो म्हणाला, "मानसांत सांगा." तेव्हा शामकांतनं हिशेब केला, एका पिढीला पंचवीस वर्षं धरून, आणि म्हणाला की शंभर बाप.

कानिफनाथ उठला आणि माळावरचे खडे वेचू लागला. एक खडा बापाचा, एक आज्याचा, एक पणज्याचा, एक खापरपणज्याचा. तिथं नावं संपली. मग बिननावाचे वेचत गेला. शंभर झाले तेव्हा त्यानं बघितलं की ते सगळे त्याच्या ओंजळीत मावले आहेत. तो तसाच ओंजळ धरून उभा राहिला. त्याला वाटलं होतं की एवढा काळ म्हणजे डोंगराएवढा काही असेल, ज्याच्या पलीकडचं कधी दिसायचं नाही. आणि तो तर ओंजळीत होता. सहादेवाच्या हातून त्याच्या हातात कपची आली, तशी शंभर वेळा हातातून हातात आली, एकदाही खाली न पडता. त्यातल्या एकालाही जर वाटलं असतं की कशाला ही कटकट, दगड तसाच बसतो की, तर ती तिथंच संपली असती.

खडे त्यानं जपून उभ्या दगडाच्या पायथ्याशी ठेवले. ठेवताना हात त्या दगडाला लागला आणि आणखी एक गोष्ट त्याच्या ध्यानात आली. खरं तर ती त्याला आयुष्यभर ठाऊक होती, फक्त त्यानं तिच्याकडं कधी बघितलं नव्हतं. माळावरचा सगळा दगड मांजऱ्या, भोकाभोकाचा, हातोडीनं फुटणारा. हे सात काळ्या घट्ट फत्तराचे. असा फत्तर फक्त मुळेच्या पात्रात, दरीत, तीन कोसांवर. म्हणजे दोन पुरुष उंचीचा हा दगड कुणीतरी दरीतून वर आणला होता. आणि तो स्वतः ओढ्यावरून अर्धा कोस दगड आणायला नको म्हणून इथं पहार घेऊन आला होता.

त्यानं शामकांतला सांगितलं की मी इथला दगड नेणार नाही. काढला तो परत रचणार.

शामकांतची अडचण खरी होती. काम मागं पडलं तर जाब त्याला द्यावा लागणार होता. शिवाय असलं काही सापडलं तर वर कळवलं पाहिजे, मडकी नगरला नेऊन दाखवली पाहिजेत, असंही त्याला वाटत होतं. मग त्यानं वही उघडली आणि आतल्या सगळ्याचं चित्र काढलं, मापं घेऊन, एकेक मडकं, कुऱ्हाड, काकण. उजेड जाईपर्यंत काढत बसला. आतल्या कशालाही त्यानं हात लावला नाही. वही मिटून म्हणाला की हे एवढं वर पाठवतो, ज्यांना बघायचं असेल ते इथं येतील.

कानिफनाथानं त्याला विनंती केली की तुम्ही भटजींच्या घरातले, बंद करण्याआधी यांच्यासाठी काही म्हणा. शामकांतनं नाही म्हणून मान हलवली.

"कानिफनाथ, माझ्या वडिलांना सगळं पाठ आहे, मलाही थोडं येतं. पण ही माणसं ते इकडं येण्याच्याही आधीची असतील. यांच्यासाठी कुणी काय म्हटलं असेल ते आता कुणालाच ठाऊक नाही. आपण नीट बंद करू, तेच म्हणणं."

दगड ओढ्यातून आणायचे हे पाटलांनीच गावाला सांगितलं. कुरकूर झाली. मग पाटलांनी म्हटलं की आधी वर जाऊन बघून या, मग बोला. दोन दिवस गाव माळावर येत होतं. रांगेनं यायचे, वाकायचे, बघायचे, बाजूला व्हायचे. पोरंसोरं दंगा करत नव्हती. साळूबाई म्हणून एक म्हातारी होती, तिनं आत बघून विचारलं की यांची नावं काय. मग तीच म्हणाली, "आसतील की काईतरी," आणि हात जोडून गेली. तिसऱ्या दिवशी ओढ्यापासून माळापर्यंत माणसं उभी राहिली, हाताहातानं दगड वर येऊ लागला.

इकडं कानिफनाथ रचायला बसला. शिळा जागेवर लोटली, आणि ओळीनं मांडलेले दगड उलट्या क्रमानं एकेक घेऊ लागला. उजवीकडची अर्धी बाजू दिवसभरात कंबरेपर्यंत झाली. दगड हातात घेतला की कुठं जायचं ते तोच सांगत होता. कानिफनाथ आनंदात होता, आपण त्या जुन्या माणसाच्या शेजारी बसून काम करतोय असं त्याला वाटत होतं.

डावी बाजू मात्र बसेना. क्रम बरोबर, दगड तेच, तरी दुसऱ्या थराला फट पडायची, तिसऱ्याला दगड डुगडुगायचा. त्यानं उतरवलं, परत घातलं. कपच्या बदलून पाहिल्या. दुसरा अख्खा दिवस गेला. पन्नास वर्षांच्या त्या माणसाला, ज्याच्या तालीला कुणी नाव ठेवलं नव्हतं, रडू यायचं बाकी राहिलं.

त्याची बायको छबूबाई दगड वाहणाऱ्या बायांत होती. तिसऱ्या दिवशी दुपारी भाकरी घेऊन ती त्याच्याकडं आली. छबूबाई डावरी. लहानपणी जेवताना चापट्या खाऊन घास उजव्या हातानं घ्यायला शिकली होती, पण खुरपं आणि विळा डाव्याच हातात. काढणीला तिची पात, म्हणजे कापायची ओळ, नेहमी कडेची असायची, कारण ती उलट्या अंगानं कापायची. ती भाकरीचं फडकं सोडून बसली, आणि भाकरी द्यायची विसरून त्या दगडांकडं बघत राहिली.

"अवं," ती म्हणाली, "ह्ये डावऱ्याचं काम हाय."

कानिफनाथानं वर बघितलं.

"कपच्या बघा की. समद्या ह्या अंगानं ठोकल्यात. उजव्या हातानं ठोकणारा आसा कशाला ठोकील? त्येला उलटं पडतंय."

कानिफनाथानं कपच्या उचलून बघितल्या. दोन अडीच हजार वर्षांपूर्वीचे ठोक्यांचे पांढरट वण त्यांच्यावर अजून होते, आणि सगळे एकाच अंगाला, चुकीच्या अंगाला. तो सरकला. कधी नव्हे ते त्यानं हातोडी बायकोच्या हातात दिली. तालीला बाईचा हात लावू द्यायची रीत नव्हती, पण तिथं रीत कुणाला आठवणार. छबूबाईनं दगड उचलला, डाव्या हातानं कलता केला, आत सारला आणि कपची ठोकली. दगडाचा खोल, भरीव असा एक आवाज झाला. दगड बसला.

मग दुसरा. मग तिसरा. आडव्या दगडाची वेळ आली तेव्हा कानिफनाथानं तिला पाणी आणायला पाठवलं नाही. हात धरून दाखवलं, वीतभर आत, इथं. जमलेली माणसं बघत होती, तीही त्यानं बघू दिली.

तिकडं उजव्या बाजूला तो लागला, इकडं ती. वरचे थर दोघांनी समोरासमोर बसून घेतले, आणि मग कानिफनाथाला ते स्पष्ट दिसलं. इथं दोघं बसली होती. एक उजवा, एक डावा. मधे हातभर अंतर, जसं आत्ता आहे तसं. एकानं दगड पुढं केला की दुसऱ्यानं कपची दिली असणार. बोलली असतील, कोणत्या बोलीत कुणास ठाऊक. कदाचित बोलली नसतीलही, कारण एवढं काम जमणाऱ्यांना बोलावं लागत नाही. ती दोघं कोण होती, बापलेक होती, भाऊभाऊ होती, की नवराबायको, ते कळायला मार्ग नव्हता. पण ती होती. त्याला वाटलं की आता मान वर केली तर समोर छबूच्या जागी दुसरंच कुणी दिसेल, आणि भीती नाही वाटली. अंगावर काटा मात्र आला, उन्हात.

त्यानं मान वर केली. छबूबाईच होती. तिच्या कपाळावर दगडाची पांढरी धूळ बसली होती, आणि तीही त्याच्याकडंच बघत होती.

"तुमास्नी बी वाटलं?" तिनं विचारलं.

"व्हय," तो म्हणाला.

वरचा शेवटचा दगड सूर्य बुडायच्या आत बसला. लोक येऊन एकेक दगड वर ठेवून गेले, या खेपेला टाकले नाहीत, वाकून ठेवले.

ताली पावसाळ्याआधी पुऱ्या झाल्या नाहीत. दोन राहिल्या, आणि शामकांतला वरून कडक शब्दांत पत्र आलं. त्यानं ते वहीत घडी घालून ठेवलं. त्याच्या चित्रांवर कुणाचं काही उत्तर आलं नाही. वर्षभरानं त्याची बदली झाली. छबूबाई मात्र त्यानंतर प्रत्येक तालीची डावी बाजू रचू लागली. सुरुवातीला लोक हसले, मग हसणं बंद झालं, कारण ती बाजू अधिक टिकत होती. कपचीचं कुणी विचारलं तर कानिफनाथ सांगायचा, आणि शिकवायचाही, परगावच्यालासुद्धा.

पण हे पुढचं झालं. ढीग रचून झाल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी शामकांत पुढच्या तालीची पातळी घेत होता. तिवईवर त्याची दुर्बीण लावलेली होती आणि कानिफनाथ शेजारी मापाची लांब पट्टी घेऊन उभा होता. शामकांतच्या मनात काय आलं कुणास ठाऊक, त्यानं दुर्बीण वऱ्हाडाकडं फिरवली आणि कानिफनाथाला बघायला बोलावलं.

त्या काळच्या त्या दुर्बिणींत सगळं उलटं दिसायचं. कानिफनाथाला हे माहीत नव्हतं. त्यानं डोळा लावला. वर जमीन होती, कुसळी गवतासकट, आणि खाली नुसतं आभाळ, तळ नसलेलं. आणि त्या जमिनीला सातही दगड लोंबत होते, माना खाली करून, आभाळात. त्यांच्यामागं कालचा ढीगही तसाच लटकत होता, आणि त्यातला एकही दगड निसटत नव्हता.

तो फार वेळ बघत राहिला. शामकांतनं त्याला घाई केली नाही.

शेवटी डोळा काढून कानिफनाथ एवढंच म्हणाला, "उलटं दिसतंय, रावसायेब. पन हललं न्हाई यक बी."

मग त्यानं पट्टी उचलली आणि चुन्याच्या रेघेवर जाऊन उभा राहिला.